चिपाडाच्या ढिगातलं बिऱ्हाड

प्रिय ईरा आणि अर्णव,

विमान सांबऱ्याला उतरायला लागलं, तेव्हा मी खिडकीला नाक लावून बसले होते. खाली शेतांचे लहान-मोठे तुकडे दिसत होते. कापलेल्या भाताचा फिका पिवळा, उसाचा गडद हिरवा आणि मधूनच नुकत्याच नांगरलेल्या जमिनीचा काळा. दिवाळी होऊन गेली होती. पाऊस संपला होता, पण झाडांवरचा ओलेपणा अजून गेला नव्हता. सांबरा हे बेळगावजवळचं गाव. विमानतळ मोठा झाला तरी कुंपणापलीकडे माणसं शांतपणे आपल्या शेतात काम करत होती. डोक्यावरून विमान गेलं तरी कुणी मान वर केली नाही.

बाहेर मेधामावशी उभी होती. तुम्ही तिला फोनवर पाहिलं आहे. ती माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, कंग्राळीत राहते. ती लहान कारखानदार, विणकर, गुऱ्हाळवाले यांच्याकडे जाते आणि कमी पाण्यात, कमी जळणात, कमी धुरात धंदा कसा चालवता येईल ते त्यांच्याबरोबर बसून ठरवते. मी एकदा तिला विचारलं होतं, "एकदा नीट समजावून सांगितलं की काम झालं ना? मग दर महिन्याला त्याच त्या ठिकाणी कशाला जातेस?" ती म्हणाली होती, "मावशी, तू एकदा माझ्याबरोबर ये." म्हणून मी गेले. तिथे जे पाहिलं ते तुम्हाला क्रमाने सांगते.

घरी सामानसुद्धा न टाकता आम्ही शहापूरला गेलो. शहापूर हा बेळगावातला विणकरांचा जुना भाग. बोळ इतके अरुंद की समोरून दुचाकी आली तर आपण कुणाच्या तरी पायरीवर चढायचं. घराघरांतून मागांचा खटखटाट येत होता. त्यातल्याच एका बोळाच्या टोकाला विठ्ठलअण्णांचा सूत रंगवायचा कारखाना आहे. अण्णा साठीचे, ठेंगणे, कोपरापर्यंत निळे. रंग आता धुऊनही जात नाही म्हणे.

"आल्या का?" मेधाला पाहून ते म्हणाले. "पाणी तापतंय. रंगाचं पाणी टाकीत जातंय, गटारात न्हाय. सगळं बराब्बर हाय. आता चहा घ्या आन जावा."

मेधा हसली आणि तरीही सगळं पाहून आली. रंगासाठी कढत पाणी लागतं. पूर्वी अण्णा ते भट्टीवर तापवत. गेल्या उन्हाळ्यात मेधाने मागे लागून छपरावर उन्हाने पाणी तापवणाऱ्या नळ्या बसवून घेतल्या. भट्टी बंद झाली. पण भट्टीत घालायच्या कांड्या (भुसा दाबून केलेलं लांबट, गोल जळण) पोत्यांत भरून कोपऱ्यात छपरापर्यंत रचलेल्या होत्या. सूत ठेवायला जागा नाही म्हणून लडी अंगणात दोरीवर.

"अण्णा, ह्या कांड्या अजून आहेतच की."

"हाईत. तुमचं ऊन रुसलं म्हंजे?"

"ऊन माझं कुठलं?"

"तुम्हीच आणून बसवलंय न्हवं माळ्यावर!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मावशी, तुमची भाची लई चिकट हाय बघा. लगीन करून दिलेली लेक बी एवढ्यांदा म्हायेरी येत न्हाय."

पण चहा मात्र त्यांनी स्वतः ओतून दिला आणि निघताना हातात कुंद्याचा पुडा ठेवला. कुंदा म्हणजे दूध आटवून, परतून केलेली तपकिरी, रवाळ मिठाई. बेळगावला जाऊन कुंदा न खाता परतलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. निघण्याआधी मेधा छपरावर गेली आणि नळीतल्या पाण्याला हात लावून, बोट चोखत खाली आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निपाणीच्या वाटेला लागलो. हमरस्ता सुरेख आहे. दोन्ही बाजूंना टेकड्या, मग उतार, मग सपाट काळी जमीन. पाट्या कन्नडमधून, चहाच्या टपरीवरची भांडणं मराठीतून आणि दर विचारायचा तो दोन्हींतून. संकेश्वर मागे पडलं तशी तंबाखूची शेतं दिसायला लागली. हत्तीच्या कानासारखी पानं, एकावर एक. मेधा वाटेत मला आजच्या भेटीबद्दल सांगत होती.

आम्ही बाळगोंडाअण्णांच्या गुऱ्हाळावर चाललो होतो. गुऱ्हाळ म्हणजे उसाचा रस काढून, मोठ्या काहिलीत (उथळ, परातीसारख्या कढईत) आटवून गूळ करायची जागा. हे कुटुंब जैन शेतकऱ्यांचं, घरात कन्नड आणि मराठी दोन्ही. त्यांच्या आसपासची गुऱ्हाळं एकामागून एक बंद पडली आणि ऊस साखर कारखान्याला जायला लागला. बाळगोंडाअण्णांनी एक शेवटचा हंगाम करून बघायचं ठरवलं होतं. गोव्याच्या कामतबाई म्हणून एक मिठाईवाल्या आहेत. हंगामाचा सगळा गूळ त्या घ्यायला तयार होत्या, पण दोन अटींवर. गुळात पांढरेपणासाठी पावडर घालायची नाही आणि चुलीत रबर, टायर असलं काही जाळायचं नाही. त्या उद्या पाहायला येणार होत्या. त्यांनी नाही म्हटलं तर चूल कायमची विझणार.

"पण तशी काळजी नाही," मेधा म्हणाली. "गेल्या वर्षी आम्ही चुलवाण (गुळाची मोठी चूल) नवीन पद्धतीने बांधलं. जळण इतकं वाचलं, की चिपाडाचा ढीग शिल्लक राहिला."

चिपाड म्हणजे रस काढल्यावर उरलेला उसाचा चोथा. तोच वाळवून गुऱ्हाळात जाळतात. पण ताजं चिपाड ओलं असतं, ते उन्हात दोन-तीन दिवस वाळावं लागतं. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला मागच्या वर्षीचं कोरडं चिपाड हाताशी लागतं. ते ढिगात होतं, प्लॅस्टिकखाली झाकून. सगळं जमून आलं होतं.

मग गाडी वळली आणि उसाच्या शेंड्यांवरून आम्हाला गुऱ्हाळाचं धुराडं दिसलं. त्यातून काळाकुट्ट, जाड धूर निघत होता. मेधाने गाडीची काच खाली करून पाहिलं.

बाळगोंडाअण्णा पंचाला हात पुसत पुढे आले. उंच माणूस, पण त्या दिवशी खांदे पाडून चालत होते. "या, या मावशी. आधी रस घ्या."

गुऱ्हाळावर आलेल्याला रस पाजल्याशिवाय बोलायचं नाही आणि त्याचे पैसे घ्यायचे नाहीत, ही इकडची पद्धत. रस गार होता, त्यात आल्याचा तुकडा पिळलेला. इतका चांगला रस मी आजवर प्यायले नव्हते आणि इतक्या अवघडलेल्या शांततेतही कधी प्यायले नव्हते.

"अण्णा, धूर काळा का?" मेधाने विचारलं.

"अजून एक पेला घ्या."

"अण्णा."

"रबर हाय," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "चपलांच्या तळव्याची कातरणं. परवापासनं घालतोय."

"आणि शिल्लक चिपाड?"

त्यांनी हनुवटीनेच अंगणाचा कोपरा दाखवला. तिथे ढीग जसाच्या तसा होता आणि त्याच्यासमोर चौरंगावर, हातात काठी घेऊन, पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी पहारेकऱ्यासारखी बसली होती. त्यांची आई. सगळे तिला आव्वा म्हणतात. आव्वा म्हणजे कन्नडमध्ये आई.

"ह्या ढिगाला कुणी हात लावायचा न्हाय," आव्वा आम्हाला पाहताच म्हणाल्या. "मुंगशीनं पिल्लं घातल्यात आत. आन मुंग्या तर किती, त्यास्नी गणतीच न्हाय."

मी वाकून पाहिलं. प्लॅस्टिकच्या फटीतून एक टोकदार, तपकिरी तोंड बाहेर आलं, माझ्याकडे रागाने पाहिलं आणि आत गेलं.

मुलांनो, हे तुम्हाला नीट समजावं म्हणून सांगते. आव्वांच्या घरात चूल पेटवण्याआधी प्रत्येक लाकूड, प्रत्येक गोवरी जमिनीवर आपटून, पाहून घेतात. एखादा किडा असला तर तो पडावा आणि जाऊ शकावा. त्याला त्या 'जळण शोधून घेणं' म्हणतात. चार लाकडं शोधता येतात. पण सगळा पावसाळा कोरडी ऊब मिळालेला तो ढीग म्हणजे एक गावच झालेलं होतं.

"आव्वा, तिनं काय तुम्हाला ईचारून घर केलं व्हय?" बाळगोंडाअण्णा वैतागून म्हणाले.

"ईचारून केलं न्हाय, खरं आता केलंय न्हवं?" (इकडे 'खरं' म्हणजे 'पण'.) "आन तू मला ईचारून रबर घातलंस व्हय? त्या धुरानं मी खोकत्या, ती बी खोकत असंल."

मेधा दगडावर बसली. "अण्णा, मला फोन का नाही केलात?"

"कुठल्या तोंडानं करू? तुम्ही एवढं चुलवाण बांधून दिलासा, चिपाड वाचवलासा. आन आई ते जाळू दीना म्हणून सांगू?"

मेधाने ढिगाकडे पाहिलं. मग म्हणाली, "पावसाळ्यात झाकून ठेवा, असं मीच सांगितलं होतं. तुम्हाला सांगितलं, आव्वांना विचारलं नाही. घरात जळणाचं कोण बघतं हे मला माहीत होतं." ती आव्वांच्या चौरंगाजवळ जाऊन खाली बसली. "आव्वा, ढिगाला हात लागणार नाही. पण उद्यापर्यंत दुसरं कोरडं जळण मिळालं तर शोधून घ्याल?"

"शोधून घेतलं तर चाललं."

मेधाने शहापूरला फोन लावला आणि सर्वांना ऐकू येईल असा धरला. पलीकडून मागांची खटखट ऐकू आली.

"अण्णा, त्या कांड्या हव्या आहेत."

"आन आभाळ आलं म्हंजे मी काय चुलीत हात घालू?" विठ्ठलअण्णा.

"काल तुमच्या पाण्याने माझं बोट पोळलंय. अजून लाल आहे."

खटखट चालू. बाळगोंडाअण्णा पंचाचं टोक पिळत होते.

"कुणाला पायजेत?" अखेर पलीकडून आवाज आला.

"निपाणीजवळ एक गुऱ्हाळ आहे. त्यांच्या चिपाडात मुंगशीने पिल्लं घातली आहेत. आई जाळू देत नाही आणि उद्या गिऱ्हाईक येतंय."

मग असा हसण्याचा आवाज आला की फोन हातात थरथरला. "मुंगशीनं? मग आधी सांगायचं न्हाय व्हय! मुंगूस दिसलं की दिवस चांगला जातोय. टेंपो सांगतो. मी बी येतो, बघू तरी."

बाळगोंडाअण्णांनी लगेच रस काढायचं यंत्र थांबवलं. काहिलीत होतं तेवढं उतरवून चूल विझवली. रबराच्या जाळावर झालेल्या ढेपा (गुळाचे मोठे गोळे) आव्वांनी एका बाजूला लावायला सांगितल्या. "ह्या इकायच्या न्हाईत. त्या बाईस्नी दावायच्या."

"दावायच्या?" अण्णांचा चेहरा उतरला. "आव्वा, दावल्या तर ती बाई उभ्या उभ्या माघारी जाईल."

"जाईल तर जाईल."

त्यानंतर आम्ही सगळे ताजं चिपाड उन्हात पसरायला लागलो. दाट ठेवलं तर वाळत नाही, म्हणून मेधा पातळ थर करून दाखवत होती. मीही पदर खोचून कामाला लागले, आणि माझी फजिती तिथेच झाली. काहिलीतून काढलेली मळी (रस उकळताना वर येणारा चिकट फेस) एका खड्ड्यात टाकलेली असते. ती वरून जमिनीसारखीच दिसते. माझा पाय नीट तिच्यात गेला. पाय निघाला, चप्पल निघाली नाही. मग दुसरी चप्पल पहिलीला काढायला गेली आणि तीही राहिली. आव्वा हसून हसून चौरंगावर मागे टेकल्या. मग त्यांनी माझे पाय धुवायला पाणी दिलं आणि आपल्या पायांतल्या कापडी चपला काढून माझ्यापुढे ठेवल्या.

"आणि तुम्ही?"

"मला हितं अंगणातच फिरायचंय. तुमास्नी लांब जायाचंय."

जेवण सूर्य मावळायच्या आत झालं, कारण त्यानंतर आव्वा खात नाहीत. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही आणि वर काकवी (गूळ होण्याआधीचा पातळ, सोनेरी पाक). भाकरीचा तुकडा काकवीत बुडवताना मला तुमची फार आठवण झाली. अर्णवने बोटं चाटली असती आणि ईराने आधी त्यात काय काय असतं ते विचारलं असतं.

जेवून उठतो तोच टेंपो आला. पोत्यांवर विठ्ठलअण्णा बसलेले. बाळगोंडाअण्णांनी त्यांना हात देऊन उतरवलं आणि विचारलं, "हात निळं कशानं?"

"मी बी तेच ईचारणार हुतो, तोंड काळं कशानं?"

बाळगोंडाअण्णांनी गालाला हात लावला, बोटांवरची काजळी पाहिली आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच हसले.

पण आव्वांचं समाधान व्हायचं होतं. "कांड्या बी शोधून घ्या," त्या म्हणाल्या. पोती बंद होती, शहापुरात छपराखाली होती, असं विठ्ठलअण्णांनी शपथेवर सांगितलं. काही उपयोग झाला नाही. मग आम्ही सगळे गोल करून बसलो. रंगारी, गुऱ्हाळवाला, गडी, मेधा, मी आणि टेंपोचा ड्रायव्हरसुद्धा. एक एक कांडी दगडावर आपटायची, फिरवून पाहायची, बाजूला ठेवायची. टक, टक, टक. एका पोत्याच्या तळातून एक झुरळ निघालं आणि आव्वांनी विठ्ठलअण्णांकडे असं पाहिलं की ते म्हणाले, "ह्याचं भाडं मी घेतल्यालं न्हाय बघा."

आम्ही तिथेच झोपलो. सकाळी चुलवाण पेटलं. आधी धुराड्यातून राखाडी काहीतरी निघालं, मग ते विरळ झालं, आणि थोड्या वेळाने हवा थरथरते तेवढीच दिसत राहिली. गुळव्याने (गूळ उतरवणाऱ्या मुख्य कारागिराने) काहिलीत भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी सोडलं, मळी वर आली, ती काढली. रस सोनेरी झाला, मग तांबूस. त्या वाफेने माझा चष्मा दर मिनिटाला पुसावा लागत होता, पण मी बाजूला झाले नाही.

कामतबाई दुपारच्या आधी आल्या. नीटनेटक्या, मोजकं बोलणाऱ्या. रस पाजून झाल्यावर त्यांनी धुराड्याकडे पाहिलं, समाधानाने मान हलवली. व्यवहार तिथेच पक्का झाला असता. सगळे बाळगोंडाअण्णांकडे पाहत होते.

"बाई," ते म्हणाले, "हिकडं जरा या." त्यांनी बाजूला लावलेल्या ढेपा दाखवल्या. "ह्या रबरावर झाल्यात. हंगामाच्या पैल्या दोन दिवसांतल्या. तुमच्या मालात देनार न्हाय, खरं झाल्यात त्या हितंच."

कामतबाईंनी एक ढेप नखाने खरवडून हुंगली. चेहरा कडक झाला. "दिवाळीआधी बोललो तेव्हा तुम्ही काय म्हणालेला?"

"रबर घालणार न्हाय म्हणालतो."

"मग?"

तेव्हा आव्वा उठल्या, अनवाणीच, आणि कामतबाईंचा हात धरून त्यांना कोपऱ्यात घेऊन गेल्या. आम्ही मागोमाग. आव्वांनी सगळं सांगितलं, ढिगाचं, मुलाचं, रात्रीपर्यंत आपटलेल्या कांड्यांचं. बोलणं चालू असतानाच मुंगशीण बाहेर आली आणि तिच्यामागे तीन पिल्लं, शेपट्या फुलवून.

कामतबाई वाकून पाहायला लागल्या. "ही भाड्याने राहते काय?"

"भाडं देती की. उंदीर खाती."

बाई हसल्या. मग हसू आवरून बाळगोंडाअण्णांना म्हणाल्या, "गूळ मी घेणार. ह्या ढेपा मला नकोत आणि कुणाला विकायच्याही नाहीत. आणि मी परत येणार. सांगून येणार नाही हां."

"कवाबी या," अण्णा म्हणाले. "ही मेधाताई बी तशीच येती."

"न सांगता आलं तरी रस मिळतोय," आव्वा म्हणाल्या.

परतताना आम्ही विठ्ठलअण्णांना शहापुरात सोडलं. कोपरा मोकळा झाला होता. ते दारात थांबून आधी त्या मोकळ्या जागेकडे आणि मग आभाळाकडे पाहत होते. आभाळ निळं होतं. तरी मेधा गाडीत बसताना त्यांनी बजावलंच, "पुढल्या म्हयन्यात याच. ढग आले तर काय करायचं ते सांगायला."

आता मी घरी मुंबईला आहे. काल मेधाचा फोन आला. शहापुरात एक दिवस खरंच ढग आले. अण्णांनी तिला फोनवर भरपूर ऐकवलं, ऊन पडेपर्यंत थांबले आणि दुपारनंतर सूत रंगवलं. त्या कोपऱ्यात आता रंगीत लडी आहेत. कामतबाई एकदा न सांगता येऊन गेल्या आणि दोन पेले रस पिऊन गेल्या. मुंगशीण पिल्लांना घेऊन उसात निघून गेली. बाळगोंडाअण्णांनी विचारलं, आता ढीग जाळू का? आव्वा म्हणाल्या, मुंग्यांचं काय? म्हणून तो ढीग अजून तसाच आहे, आणि पुढच्या वर्षीसाठी अण्णा चिपाड ठेवायला जमिनीपासून उंच, मोकळा माचा बांधणार आहेत. तो कसा असावा हे आव्वांनी सांगितलं आणि मेधाने कागदावर काढून दिलं.

ईरा, तू मला विचारतेस ना, "आजी, तू दर रविवारी तेच तेच का विचारतेस? जेवलात का, सर्दी गेली का?" मेधासुद्धा दर महिन्याला तेच विचारते, पाणी तापतंय का, चिपाड वाळलं का. ती विचारत राहिली म्हणून एका गावातली पोती दुसऱ्या गावात वेळेवर पोचली. मला त्या सगळ्यांबद्दल फार कृतज्ञता वाटते. त्यांनी मला रस दिला, कुंदा दिला, हसायला दिलं आणि आव्वांनी तर पायांतलं काढून दिलं.

त्या चपला मी धुऊन, वाळवून, कागदात गुंडाळून दारापाशी ठेवल्या आहेत. कुरियरने पाठवता आल्या असत्या. पण मेधाला कळवलं आहे, पुढच्या फेरीला मी येते.

तुमची,
आजी